चिनी अक्षरांतल्या रेघांचा क्रम किती पाळायचा, आणि हाताला कसा लावायचा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. घरच्या घरी मंदारिन शिकताय, शंभरेक अक्षरं ओळखता येतात, पण लिहायला बसलं की ॲप सारखं लाल होतं. अक्षर दिसायला तर बरोबर दिसतंय, मग कोणती रेघ आधी आणि कोणती नंतर याने बिघडतं काय? त्यात जपानी शिकलेली मैत्रीण 'राजा' हे अक्षर वेगळ्याच क्रमाने लिहिते आणि तेच बरोबर म्हणते. सराव नेमका कसा करायचा? आणि तुमच्याबरोबर शिकणारा मुलगा डावखुरा आहे, त्याने काय करायचं?

मी बरीच वर्षं मराठी विद्यार्थ्यांना चिनी शिकवतो, त्यामुळे हे चारही प्रश्न ओळखीचे आहेत. आधी सरळ उत्तर देतो: क्रम पाळा, पण अक्षरागणिक पाठ करू नका. क्रम अक्षराचा नसतो, अक्षर ज्या भागांचं बनलंय त्या भागांचा असतो. 'मुख', 'झाड', 'माणूस', 'सूर्य', 'स्त्री' अशा भागांचा क्रम एकदा हातात बसला की नवीन अक्षर आलं तरी हाताला नवीन असं फार थोडं उरतं. जे लोक प्रत्येक अक्षराची हलती चित्रं बघून रेघा मोजत बसतात ते दोनशे अक्षरांच्या आसपास थकतात. मग 'क्रमाचं काही खरं नाही' असं म्हणून सोडून देतात.

खाली अक्षरांचा उल्लेख मी अर्थाने करतो, गरज पडेल तिथे उच्चार कंसात. कोश किंवा ॲप उघडून शेजारी ठेवा आणि अक्षर बघत वाचा, नाहीतर हे सगळं हवेतलं वाटेल.

आधी 'दिसायला बरोबर दिसतंय' याबद्दल. तुम्हाला ते बरोबर दिसतं कारण तुम्ही सावकाश लिहिताय. सावकाश लिहिताना प्रत्येक रेघ सुटी पडते आणि क्रमाचा मागमूस उरत नाही. वेग वाढला की पेन दोन रेघांच्या मधल्या वाटेवरही कागदाला घासतं, बारीक जोडरेघा उमटतात. चिनी माणसाचं रोजचं हस्ताक्षर, म्हणजे शिंग-शू हे वाहतं वळण, या जोडरेघांवरच उभं आहे. क्रम बरोबर असेल तर जोड नेहमीच्या जागी येतो आणि वाचणाऱ्याला अक्षर लगेच ओळखू येतं. क्रम चुकला तर जोड भलतीकडे जातो आणि सगळ्या रेघा असूनही अक्षर वाचता येत नाही. उलटही खरं आहे: तुम्हाला क्रम माहीत नसेल तर दुकानाबाहेर खडूने लिहिलेली पाटी किंवा शिक्षकाची चिठ्ठी तुम्हाला वाचता येणार नाही. मोडी शिकलेल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून घेत आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलत अक्षरं लिहीत. हात कुठून कुठे गेला हे कळल्याशिवाय मोडीचं पान उलगडत नाही.

सरलीकृत अक्षरांच्या बाबतीत तर हे आणखीच लागू पडतं. चीनने 1956 साली अक्षरं सोपी करण्याची योजना जाहीर केली, तेव्हा बरीच सोपी रूपं नव्याने शोधलेली नव्हती. लोक घाईत जे लिहायचे तेच उचलून त्याला सरळ रेघांत बसवलं. 'पुस्तक' (शू) हे अक्षर बघा. जुन्या रूपात दहा रेघा, नव्यात चार. पण त्या चार रेघा नुसत्या बघितल्या तर काही अर्थच लागत नाही. वरून कोपरा घेऊन खाली, पुन्हा तसाच मोठा कोपरा आणि आकडी, मधून उभी रेघ, शेवटी उजवीकडे वर टिंब. हाताने वेगात केलेला तो प्रवास आहे. क्रमाने लिहिलं तर आठवतं, चित्र म्हणून पाठ केलं तर दोन दिवसांत विसरतं.

दुसरं कारण कोरडं पण कामाचं. छापील कोशात उच्चार माहीत नसलेलं अक्षर शोधायचं तर रेघा मोजाव्या लागतात, आणि त्यासाठी एक रेघ कुठे संपते हे हाताला माहीत हवं. 'मुख' हा साधा चौकोन. आपण चार बाजू मोजतो, चिनी हिशेबात त्या तीन रेघा: डावी उभी, मग वरची आडवी आणि उजवी उभी मिळून पेन न उचलता एक, शेवटी तळाची. चार धरल्या तर कोशात चुकीच्या पानावर जाल. रेघांचे पाच गट मानतात: आडवी (हंग), उभी (षू), डावीकडे उतरणारी (फ्ये), टिंब (त्येन) आणि वळणाची (च). रेघांची संख्या सारखी असेल तर पहिली रेघ कोणत्या गटातली यावर पुढचं ठरतं. चीनमध्ये समित्यांच्या, संपादक मंडळांच्या याद्यांखाली 'आडनावातील रेघांच्या क्रमाने' अशी टीप दिसते ती हीच पद्धत. तिथे दोन रेघांचं तिंग हे आडनाव चार रेघांच्या वांगच्या आधी येतं. फोनवरही रेघांचा कळफलक असतो: पाच गटांना पाच कळा, क्रमाने दाबत जायचं. क्रम चुकला तर हवं ते अक्षर येतच नाही.

आता खास आपल्या हाताबद्दल. हे मला महत्त्वाचं वाटतं कारण इंग्रजीतल्या कुठल्याही पुस्तकात ते नसतं. ती पुस्तकं रोमन लिपीच्या हातासाठी लिहिलेली असतात. आपला हात देवनागरीने घडवलाय. आपण आधी अक्षर काढतो आणि मग डोक्यावर रेघ देतो. बरेच जण तर आख्खा शब्द लिहून शेवटी एकच रेघ ओढतात. ही सवय चिनीत नडते. 'आकाश', 'नाही', 'खाली', 'पाऊस', 'पश्चिम' या सगळ्या अक्षरांत वर आडवी रेघ आहे आणि ती पहिली लिहायची आहे. मराठी विद्यार्थी ती हमखास शेवटी टाकतो, बहुतेक वेळा आपण काय केलं हे त्याला कळतसुद्धा नाही. तुमचं ॲप 'आकाश'वर लाल होतं असं तुम्ही लिहिलंय, तिथे बहुधा हेच होत असणार.

दुसरी सवय रेघेला लटकण्याची. आपण वहीच्या वरच्या ओळीला अक्षर टांगतो. चिनी अक्षर चौकटीच्या मधोमध बसतं, वरही जागा सुटते आणि खालीही. एकेरी ओळींच्या वहीत मराठी माणसाचं चिनी बघितलं की सगळी अक्षरं वरच्या ओळीला वाळत घातल्यासारखी दिसतात. तिसरी सवय गोलाईची. आपल्याला 'व', 'ब', 'क' काढून कोपरे गोल करायची सवय, त्यामुळे 'मुख'चा कोपरा पोटासारखा सुटतो. तिथे पेन क्षणभर थांबवून दिशा बदलायची. न उचलता, पण थांबवून.

चौथी गोष्ट दिशेची आहे आणि ती क्रमाइतकीच मोलाची. एकाच बाजूला कललेल्या तिरप्या रेघा दोन प्रकारच्या. एक उजवीकडून डावीकडे खाली उतरते (फ्ये), दुसरी डावीकडून उजवीकडे वर चढते (थी). कागदावर दोन्ही सारख्याच तिरप्या दिसतात, पण हात अगदी उलट गेलेला असतो. 'पाणी' दाखवणारी डावीकडची तीन टिंबं घ्या: वरची दोन खाली टेकतात, तिसरं खालून वर चढतं. ते वरून खाली ओढलं तर पेन डावीकडे तळाशी अडकून पडतं आणि पुढच्या भागासाठी उगाच हवेतून परत यावं लागतं. 'हजार' या अक्षराची पहिली रेघ उजवीकडून डावीकडे उतरते. ती सरळ आडवी काढली की अक्षर 'कोरडं' होतं, हजारचा पत्ताच राहत नाही.

नियम सगळीकडे मिळतात, म्हणून भराभर सांगतो. वरून खाली. डावीकडून उजवीकडे. आडवी आणि उभी एकमेकींना छेदत असतील तर आडवी आधी ('दहा'). डावीकडे उतरणारी आधी, उजवीकडे उतरणारी नंतर ('माणूस'). मध्ये कणा आणि दोन्ही बाजूंना सारखं असेल तर कणा आधी ('लहान', 'पाणी'). सगळ्यातून आरपार जाणारी उभी रेघ शेवटी ('मध्य'), आरपार जाणारी आडवीही शेवटी ('स्त्री', 'मूल'). चौकट असेल तर तीन बाजू आधी, मग आतलं, शेवटी तळ. चिनी शाळेत याला 'आधी माणसं घरात, मग दार बंद' असं शिकवतात आणि 'देश' हे अक्षर त्याचं ठरलेलं उदाहरण: चौकटीत 'जेड' बसवायचा आणि मग तळाची रेघ ओढायची. वरच्या उजव्या कोपऱ्यातलं टिंब शेवटी ('मी', 'कुत्रा'), डावीकडचं किंवा मधलं वरचं टिंब सुरुवातीला ('दार', 'सहा').

एवढ्यावर बहुतेक अक्षरं निघतात. अडतं ते या नियमांच्या कडेला, आणि तिथे थोडं थांबायला हवं.

एक, 'चालणे' दाखवणारा भाग, जो डावीकडून येऊन अक्षराखाली शेपटीसारखा पसरतो. तो शेवटी लिहायचा: 'हे', 'आत शिरणे', 'मार्ग' या सगळ्यांत. पण 'उठणे' (छी) या अक्षरातही डावीकडून खाली पसरणारा भाग आहे आणि तो मात्र आधी लिहायचा. फरक असा की 'उठणे'मधला तो भाग स्वतंत्र अक्षर आहे (चौउ, जाणे), एकटा उभा राहतो. 'प्रश्न' या अर्थाच्या थी या अक्षरातही डावीकडचा 'आहे' (षी) आधी येतो, त्याच कारणाने. स्वतंत्र अक्षर असेल तर आधी, नुसती शेपटी असेल तर शेवटी. हा एक भेद लक्षात ठेवला तर डझनावारी अक्षरं सुटतात.

दोन, 'नऊ' आणि 'शक्ती'. दिसायला भावंडं. 'नऊ'मध्ये डावीकडे उतरणारी रेघ आधी आणि वळणाची नंतर, 'शक्ती'मध्ये नेमकं उलट. तसंच 'नाय' (म्हणजेच) आणि 'ची' (पोचणे, आणि) हे जोडीदार: नायमध्ये वळणाची रेघ आधी, चीमध्ये उतरणारी. इथे तर्क चालवू नका. ही मोजकी अक्षरं आहेत, सरळ पाठ करा.

तीन, आणि मला सगळ्यात आवडणारं: तोच भाग डावीकडे गेला की क्रम बदलतो. 'गाय' एकटी लिहिताना उतरती रेघ, आडवी, आडवी आणि शेवटी आरपार उभी. तीच 'गाय' दुसऱ्या अक्षराच्या डाव्या बाजूला आली की उतरती, आडवी, उभी आणि शेवटी खालची रेघ, तीही आता आडवी न राहता उजवीकडे वर चढणारी. 'गाडी'चंही असंच. का? कारण आता हाताला पुढे उजव्या भागाकडे जायचंय. उभी रेघ शेवटी घेतली तर पेन तळाशी राहील, चढणारी शेवटी घेतली तर पेन आपोआप उजवीकडे वर पोचतं. क्रम हा कुणी बसून काढलेला फतवा नाही, तो हाताच्या पुढच्या मुक्कामावरून ठरलाय, हे इथे स्वच्छ दिसतं. (सगळे अपवाद मात्र इतके समजूतदार नाहीत. 'फुगीर' आणि 'खोलगट' ही पाच-पाच रेघांची अक्षरं बघा आणि त्यांचा क्रम नेमणाऱ्यांना तुम्हीच क्षमा करा.)

भागांनी लिहिणं म्हणजे काय ते एका नावावर दाखवतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथे चिनी शिकले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले. चीनमध्ये ते 'ख ती-ह्वा' या नावाने ओळखले जातात. आजच्या सरलीकृत रूपात या तीन अक्षरांच्या अनुक्रमे 9, 12 आणि 6 रेघा होतात. सत्तावीस रेघांचा क्रम पाठ करायचा म्हटलं तर धडकी भरेल. पण बघा.

'ख' म्हणजे डावीकडे 'झाड', उजवीकडे 'शक्य'. 'झाड' तुम्हाला येतं: आडवी, उभी, डावीकडे उतरणारी, उजवीकडे उतरणारी. डाव्या बाजूला आल्यामुळे शेवटची रेघ आखडून टिंब होते, शेजाऱ्याला जागा हवी ना. 'शक्य'मध्ये वरची आडवी, मग तिच्याखाली 'मुख' (तीन रेघा), आणि सगळ्यात शेवटी उजवीकडची आकडी असलेली उभी. मराठी विद्यार्थी इथे वरची आडवी काढून लगेच आकडी ओढतात आणि मग उरलेल्या फटीत 'मुख' कोंबतात. 'मुख' आधी लिहिलं तर आकडी किती लांब हवी हे आपोआप कळतं.

'ती'मध्ये पुन्हा तेच 'झाड', तेच टिंब. इथे चार रेघा फुकटात मिळाल्या. उजवा भाग आठ रेघांचा: वर वळणाची एक, आडवी एक, आडवी दुसरी, मग मधोमध आकडीचा कणा, नंतर डावीकडे टिंब आणि त्याखाली चढणारी रेघ, शेवटी उजवीकडे उतरती आणि टिंब. म्हणजे डोकं, कणा, डावी बाजू, उजवी बाजू. 'ह्वा'मध्ये वर 'बदल' हे अक्षर: डावीकडे 'माणूस'चं अरुंद रूप (उतरती, उभी), उजवीकडे छोटी उतरती आणि मग वळून आकडीने संपणारी. खाली 'दहा': आडवी, उभी. झालं. नवीन म्हणावा असा त्यात फक्त 'ती'चा उजवा भाग होता. कोटणीसांच्या हयातीत सरलीकरण झालेलं नव्हतं, म्हणजे त्या काळी 'ह्वा'चं रूप बरंच गुंतागुंतीचं होतं. जुन्या फोटोंत किंवा स्मारकावर वेगळं अक्षर दिसलं तर गोंधळू नका.

आता मैत्रिणीचा मुद्दा. ती चुकत नाही आणि तुमचं ॲपही चुकत नाही. 'राजा' हे अक्षर चीनमध्ये आडवी, आडवी, उभी, आडवी असं लिहितात आणि जपानमध्ये आडवी, उभी, आडवी, आडवी. 'शेत' या चौकटीत चीनमध्ये आतली आडवी आधी, जपानमध्ये उभी आधी. 'उजवा' आणि 'डावा' ही अक्षरं चीनमध्ये दोन्ही आडव्या रेघेने सुरू होतात. जपानमध्ये 'डावा' आडव्याने आणि 'उजवा' उतरत्या रेघेने. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने 1958 साली शाळेतल्या 881 अक्षरांसाठी क्रमाची पुस्तिका काढली, आणि तिच्यातच असं म्हटलंय की शिकवताना गोंधळ होऊ नये म्हणून हा क्रम दिलाय, इथे न दिलेले क्रम चूक ठरत नाहीत. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची 1996 ची पुस्तिका 4808 अक्षरांची आहे आणि तीही काही ठिकाणी वेगळी जाते. तिथे रेघांची संख्यासुद्धा बदलते: अक्षराच्या डोक्यावरचं 'गवत' चीनमध्ये तीन रेघांचं, तैवानमध्ये चार. चीनमध्ये 1997 च्या नियमावलीत 7000 अक्षरांचा क्रम ठरवला. पुढे 2013 साली 8105 अक्षरांची नवी यादी आली आणि तिला धरून केलेली क्रमाची नियमावली 1 मार्च 2021 पासून लागू आहे.

तुम्ही सरलीकृत अक्षरं शिकताय, तेव्हा चीनचा क्रम धरा आणि तिथेच राहा. दोन्हीकडून थोडं थोडं घेणं सगळ्यात वाईट, कारण मग हात दर वेळी विचार करायला थांबतो. जुन्या सुलेखनात एकाच अक्षराचे दोन-तीन क्रम सर्रास सापडतात, म्हणून 'खरा' क्रम कुणाचा यावर मैत्रिणीशी भांडण्यात अर्थ नाही.

यातून फोनची एक अडचण निघते. अक्षर एकच असलं तरी फोन कोणत्या देशाचा फाँट वापरतो त्यावर त्याचं रूप बदलतं. फोनमध्ये जपानी आधी बसवलेलं असेल तर चिनी मजकूरही जपानी वळणाने दिसू शकतो. 'सरळ' (च) आणि 'हाड' ही अक्षरं त्यासाठी तपासून बघा, त्यांच्यातला फरक ठळक आहे. भाषांच्या यादीत सरलीकृत चिनी वर न्या. शिवाय वर्तमानपत्री छपाईचा सुंग-थी फाँट बघून लिहायला शिकू नका. त्यात आडव्या रेघांच्या टोकाला त्रिकोणी गाठी असतात आणि नवशिका त्या गाठीही गिरवत बसतो. हाताच्या वळणाचा खाय-थी फाँट लावा.

सरावाचं म्हणाल तर चीनमधली मुलं दोन गोष्टी करतात त्या आपण घ्याव्या. एक, बोटाने हवेत लिहीत रेघांची नावं मोठ्याने म्हणायची: 'हंग, षू, फ्ये, ना' म्हणजे 'झाड' ('ना' ही उजवीकडे उतरणारी). वेडेपणा वाटेल, पण लोकलमध्ये उभं राहूनही हा सराव होतो (तिथे मनात म्हणा). दुसरी, चौकटीची वही. चीनमध्ये चौकोनात अधिकचं चिन्ह छापलेल्या किंवा त्यात कर्णही टाकलेल्या वह्या मिळतात. इथे मोठ्या चौकटींची गणिताची वही घ्या, चार चौकोनांचा एक गट धरा, मधल्या रेघा आपोआप मिळतात. अक्षर मधल्या छेदाभोवती बसवा. पेन्सिल किंवा साधं जेल पेन चालेल. कुंचला शौक म्हणून नंतर घ्या. क्रम शिकायला तो लागत नाही आणि सुरुवातीला उलट त्याच्या शाईतच लक्ष अडकतं.

एक अक्षर ओळभर गिरवणं मात्र बंद करा. आपल्या शाळांनी शुद्धलेखनाच्या नावाखाली लावलेली ती खोड आहे. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर तुम्ही मूळ अक्षर बघतच नाही, आधीच्या चौकटीतली स्वतःचीच नक्कल उतरवता, चुकांसकट. त्यापेक्षा अक्षर बघा, त्याचे भाग मोठ्याने म्हणा, झाका, आठवून लिहा, उघडून ताडून पाहा. दोनदा बरोबर आलं की पुढचं. तेच अक्षर दुसऱ्या दिवशी आणि मग आठवड्याने पुन्हा न बघता लिहा. अडलात तर कोणत्या भागावर अडलात ते लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी त्या यादीत अक्षरं बरीच दिसतील, पण भाग तेच तेच. तेवढ्या भागांवर मेहनत घ्या.

ॲपपैकी प्लेको हा कोश ठेवाच. क्रमाची चित्रं त्यात विकत घ्यावी लागतात. स्क्रिटर खास लिहिण्यासाठी आहे. पण ही ॲप बोटाचं चुकलेलं टोक स्वतःच ओढून नीट बसवतात, त्यामुळे पडद्यावर सुंदर आणि कागदावर वाकडं असं होतं. ॲपवर क्रम तपासा, लिहा कागदावर.

किती अक्षरं हाताने यायला हवीत, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण लोक इथे स्वतःला उगाच छळतात. चीनच्या 2021 च्या भाषा-पातळी मानकात परदेशी विद्यार्थ्याने ओळखायची अक्षरं 3000 आहेत आणि हाताने लिहायची 1200. त्यातली प्राथमिक पातळीची फक्त 300. चिनी माणसंसुद्धा आता दिवसभर उच्चार टाइप करून अक्षर निवडतात आणि पेन हातात घेतलं की अडखळतात, तिथे हा रोजच्या चेष्टेचा विषय आहे. माझं मत विचाराल तर पहिली तीनशे मन लावून, क्रमाने, हाताने लिहा. तोवर बहुतेक नेहमीचे भाग हातात येऊन जातात. पुढची वाचून आणि टाइप करून शिका, आवडतील ती लिहा.

राहिला तुमचा मुलगा. डाव्या हाताने चिनी लिहिता येतं, आणि हात बदलायला लावू नका. अडचण खरी आहे: आडवी रेघ डावीकडून उजवीकडे जाते, उजवा हात ती ओढतो, डाव्याला ढकलावी लागते. त्यामुळे त्याला ती उजवीकडून सुरू करावीशी वाटेल. ते मात्र करू देऊ नका, कारण दिशा उलटली की पुढच्या रेघेशी होणारा जोडही उलटतो आणि मोठेपणी वेगात लिहिताना अक्षर फाटतं. क्रम तोच, दिशा तीच. कागद घड्याळाच्या काट्याच्या दिशेने थोडा फिरवून द्या, मनगट ओळीच्या खाली ठेवायला शिकवा, आणि पटकन वाळणारं पेन द्या म्हणजे तळवा शाई पुसणार नाही. ढकलताना रुतणारं बारीक टोक टाळा, थोडं जाड घ्या. मोबाइलवर लिहिताना त्याला काहीच अडचण येणार नाही.

त्याला एक मजाही सांगा. चीनमध्ये पूर्वी उभ्या ओळी लिहीत आणि त्या उजवीकडून डावीकडे सरकत. 'पीपल्स डेली' हे वर्तमानपत्रसुद्धा 1 जानेवारी 1956 पासून आडव्या ओळींत छापलं जाऊ लागलं. त्या जुन्या पद्धतीत नुकत्या लिहिलेल्या ओळीवरून हात जायचा तो उजवा, डावखुऱ्याचा हात कोऱ्या कागदावर राहायचा. चौकटीच्या वहीत त्याला तशा उभ्या ओळींनी लिहून बघू द्या. अक्षराच्या आतला क्रम त्याने बदलत नाही.

'आकाश' आणि कोटणीसांच्या नावातलं 'ती' ही दोन अक्षरं कागदावर लिहून, रेघांवर 1, 2, 3 असे आकडे टाकून फोटो पाठवा. आकडे रंगीत पेनने टाका, नाहीतर रेघांत हरवतात. मुलाचीही पाठवा, त्याच्या आडव्या रेघा कुठून सुरू होतात ते मला बघायचंय.